रंगवलेली खुरं

मी एसटीत कंडक्टर होतो. तीसेक वर्षं पैठणच्या गाड्यांवर ओरडलो, खिडकीच्या जागेवरून लोकांशी भांडलो, आणि निवृत्त झालो तेव्हा डेपोतल्या बऱ्याच जणांनी हुश्श केलं असणार. स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगायचंय त्यात मी एकदाही कुणावर ओरडलो नाही. गप्प बसलो, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

बायको गेल्यावर गावातल्या घराला कुलूप लावून मी शहरात पुंडलिकनगरला मुलाकडे राहायला आलो. मुलगा शेंद्र्याला एका कंपनीत पाळीनं काम करतो, सून एका खासगी ऑफिसात जाते. त्यांना एकच मुलगी. माझी नात तेव्हा चार वर्षांची होती आणि बोलत नव्हती. ऐकू चांगलं यायचं, समजायचंही सगळं. लाडवाचा डबा कुठं लपवलाय हे तर आमच्या आधी तिला कळायचं. पण तोंडातून शब्द नाही. गावाकडून फोन आला की बायका म्हणायच्या, बोलतात काही पोरं उशिरा. मीही ठोकून द्यायचो की हिचा बापसुद्धा उशिराच बोलला. तो खरं तर दीड वर्षाचा असताना घर डोक्यावर घ्यायचा. पण सुनेला तेवढंच बरं वाटायचं.

उस्मानपुऱ्यात एक मॅडम अशा मुलांना बोलायला शिकवतात. ती खेळणी घ्यायला त्यांनीच सांगितलं. सहा प्राणी, मुठीत मावतील एवढे, आणि प्रत्येकाच्या पायाखाली काळं मऊ रबर. टॅबवर त्यांचा खेळ चालू करायचा आणि प्राणी काचेवर उभा करायचा. लगेच काचेत तोच प्राणी चालायला लागतो, ओरडतो, आणि एक बाई स्वच्छ मराठीत त्याचं नाव सांगते. उचलला की चित्र गायब. मोबाइल आणि टॅब या गोष्टींना मी रोज शिव्या घालणारा माणूस, पण पहिल्या दिवशी अर्धा तास आ वासून बघत बसलो.

नातीला त्यातला बैल आवडला. वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी, आत वळलेली शिंगं, सगळं जिथल्या तिथं होतं. ज्यानं बनवला त्यानं बैल जवळून बघितलेला असणार. महिनाभर ती नुसती ठेवायची आणि उचलायची. मग एका रविवारी काचेतली बाई "बैल" म्हणाली आणि पोरीचे ओठ मिटले, उघडले, "बै". सून कणकेचे हात घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. पुन्हा ठेवला. पुन्हा "बै". सून खाली बसून रडायला लागली. मी बाल्कनीत जाऊन नाक शिंकरून आलो.

बाकी पाच प्राण्यांना नाही, माणसांना तर नाहीच. फक्त त्या बैलाला, तोही काचेवर उभा असेल तरच. पण चार वर्षांत पहिल्यांदा काहीतरी हाताला लागलं होतं.

आता शाळेचं. जवळच्या एका शाळेनं तिला जूनमध्ये घेतलं ते अटीवर. पावसाळाभर बघू, मग मॅडमनी तपासून अहवाल द्यावा, म्हणाले. बरोबर एक कागद दिला होता, त्यात प्रश्न. हाक मारली तर वळते का? आवाज काढून काही मागते का? अहवाल बरा आला तर पोरगी शाळेत राहणार, नाहीतर "तिच्यासाठी योग्य ठिकाण बघा". हे योग्य ठिकाण म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हाला विचारायचा धीर झाला नाही. सुनेनं तो कागद फ्रिजवर लावला होता. पाणी घ्यायला गेलं की दिसायचा.

मॅडमनी तपासणीची तारीख दिली ती नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची.

आमचं घर शेतकऱ्याचं. नोकरी करत असलो तरी दावणीला बैलजोडी होती. ट्रॅक्टर आल्यावर ती गेली, पण मातीचे बैल आणून पूजा करायचं बायकोनं कधी सोडलं नाही. या वर्षी मी औरंगपुऱ्याच्या बाजारातून बैल आणायला निघालो तर सून म्हणाली, "बाबा, या वर्षी राहू द्या ना. उद्या काय होईल या विचारानं मला काही सुचत नाहीये. पुढच्या वर्षी सगळं नीट करू."

मी म्हणालो, "राहिलं." पण आतून फणफणलो. एवढ्या मोठ्या कामाच्या आदल्या दिवशी देवाधर्माचं टाळायचं? आणि तेही पोळा? सून ऑफिसला गेली, मुलगा कंपनीत, घरात मी आणि नात. मी टॅबशेजारी ठेवलेल्या त्या बैलाकडे बघितलं आणि मला वाटलं, हाच तर उद्या कामाला जाणारा बैल आहे. घराचा सगळा भार उद्या याच्या खांद्यावर. मग मातीचे कशाला पाहिजेत? ज्याच्याकडून काम घ्यायचं त्याचीच पूजा करतात.

हे डोक्यात आलं आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. खांदेमळणी आदल्या दिवशी करतात, ती राहिली होती, म्हणून आधी हळद आणि तूप कालवून वशिंडाला चोळलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" हे म्हणायचं असतं, तेही म्हणालो, एक दिवस उशिरा. नात माझ्यासमोर मांडी घालून बसली होती आणि अशी टक लावून बघत होती की मला चेव आला. झूल म्हणून जुन्या ब्लाउजपीसचा तुकडा. गळ्यात लोकरीचा गोंडा. शिंगांना हिंगूळ पाहिजे, ते कुठून आणणार? सुनेच्या कपाटाच्या आरशासमोर लाल नेलपॉलिशची बाटली होती.

शिंगं झकास रंगली. आणि आमच्याकडे शिंगांबरोबर खुरंही रंगवतात. मी बैल उलटा केला आणि चारी पायांच्या तळव्यांना लाल रंगाचे दोन-दोन हात दिले. ते वाळलेलं बघून नातीनं टाळी वाजवली. मी तिला कडेवर घेऊन बैलाला ओवाळलं, गूळ-पोळीचा तुकडा त्याच्या तोंडाला लावला. बायको गेल्यापासून एवढं बरं मला वाटलं नव्हतं.

मग नातीनं बैल घेतला आणि काचेवर ठेवला.

काही नाही. काच कोरी. तिनं उचलून पुन्हा ठेवला. मग दाबला. मग माझ्याकडे बघितलं. मी गाय ठेवून बघितली, ती हंबरली. कुत्रा भुंकला. फक्त बैल गप्प. मी त्याच्या पायाकडे बघितलं. रबरावर लाल रंगाचा थर बसला होता.

ब्लेडनं खरवडलं, निघेना. नेलपॉलिश काढायचं रिमूव्हर सुनेच्याच कपाटात सापडलं. कापसावर घेऊन घासलं तसा लाल रंग सुटला, आणि त्याच्याबरोबर रबरही सुटलं. काळा चिकट लगदा बोटांना लागला. मी थांबलो तेव्हा दोन पायांखाली रबर उरलं नव्हतं आणि उरलेल्या दोन पायांचं अर्धं पुसलं गेलं होतं. शिंगांचा रंग बराचसा गेला, खाचेत गुलाबी राहिला. दुपारचे तीन वाजले होते. सून सहाला येणार होती.

नातीला उचललं, बैल आणि टॅब पिशवीत टाकले आणि रस्त्यावरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार तिशीतला, चष्म्यावर भिंग लावून बसलेला. त्यानं बैल उलटसुलट बघितला.

"चाचा, ये पावां का रबरच गया ना," तो म्हणाला. "इसमें बॅटरी-वॅटरी कुछ नई रहती. बच्ची के हाथ का करंट पावां में से काच कू जाता. रबर नई तो काच कू मालूमच नई होता."

"नवीन रबर बसतंय का? लई अर्जंट हाय."

"ऑनलाइन का माल है, इधर किसके पास नई मिलता." पण माझं तोंड बघून त्याला दया आली असावी. त्यानं चांदीसारखा कागद कात्रीनं कापला, चार गोल टिकल्या केल्या आणि पायाला चिकटवल्या. "प्रत्येक जनावराच्या पायाची जागा वेगळी असते," हे तो मराठीत म्हणाला, जणू अवघड भाग मला नीट समजायला हवा. "त्याच्यावरून ते ओळखतं. बघू, जमलं तर जमलं."

नातीनं बैल ठेवला. काच उजळली. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर काचेत एक शेळी आली, बें बें ओरडली, आणि ती बाई म्हणाली, "शेळी."

नातीनं बैलाकडे बघितलं. काचेकडे बघितलं. पुन्हा ठेवला. "शेळी." तिनं बैल काउंटरवरून खाली फेकला आणि कानांवर हात दाबून अशी किंचाळायला लागली की रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. दुकानदार घाबरून बाहेर आला. मी टिकल्या ओरबाडून काढल्या. बैल बोलला नाही तर एक वेळ चालेल, पण पोरीला मिळालेल्या एकुलत्या एक शब्दाचा मी गोंधळ करून टाकला तर?

घरी येईपर्यंत ती हुंदके देत होती. मी बैलाची झूल आणि गोंडा काढला, त्याला स्वच्छ धुतला, पुसला आणि उद्याच्या पिशवीत बाकीच्या प्राण्यांच्या खाली ठेवला. सुनेला सगळं सांगायचं हे मी पक्कं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. जिना चढताना तिच्या चपलांचा आवाज आला तेव्हा पहिलं वाक्यसुद्धा तयार होतं.

ती आत आली आणि पर्स ठेवायच्या आधी तिनं एक पुडकं माझ्यापुढं धरलं. "बाबा, पुरणपोळ्या. सकाळी तुम्हाला नको म्हणाले, दिवसभर तेच डोक्यात होतं. पोळा आहे ना तुमचा."

आता हिला काय सांगू? पुडकं घेतलं आणि वाक्य गिळलं. जेवण झाल्यावर सांगू म्हटलं. मुलगा ओव्हरटाइमला थांबला होता, जेवायला आम्ही तिघंच. जेवतानाही तिचं लक्ष फ्रिजवरच्या कागदाकडे होतं. मॅडमनी आदल्या दिवशी सराव करू नका म्हणून बजावलं होतं, पोरगी दमते म्हणून, त्यामुळं तिनं टॅब काढला नाही. पण पिशवी मात्र तपासली. एकेक प्राणी बाहेर काढून मोजला, आणि बैल हातात घेऊन ती दिव्याखाली गेली.

"हे शिंगांना लाल कसलं लागलंय?"

सांगायची वेळ हीच होती. दारातून आत आल्यासारखी ती वेळ माझ्यापुढं उभी राहिली होती.

मी म्हणालो, "पोरीनं काहीतरी चोपडलं असंल. तुझ्या कपाटापाशी गेली होती मघाशी."

सून नेलपॉलिशची बाटली बघून आली. तिनं नातीचा हात धरला. "माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही, किती वेळा सांगितलं? आणि बैलाला? उद्या लागणार आहे ना तो?" आणि त्या हातावर तिनं एक चापट मारली. जोरात नाही. सून कधी मारत नाही, त्या दिवशी तिच्याच मनाचा ताण होता तो.

नात रडली नाही. तिनं आधी आपल्या हाताकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. ती नजर मी अजून कुणाला सांगितलेली नाही. माझ्या जिभेला इतकी वर्षं हाड नव्हतं, अन् त्या वेळेला ती टाळूला चिकटली.

सकाळी अकराची वेळ होती. मुलाची पहिली पाळी, म्हणून रिक्षात आम्ही तिघंच. रस्ताभर मी सांगायची जागा शोधत होतो. या चौकात सांगू, त्या सिग्नलला सांगू. सून पोरीच्या कानाशी हळूहळू म्हणत होती, "बैल दिसला की काय म्हणायचं? बै. हो ना? बै." उस्मानपुरा आला.

मॅडमची खोली लहान आहे. मधे बुटकं टेबल, त्याच्याभोवती रंगीत खुर्च्या, भिंतीला लागून घरच्यांसाठी बाक. मॅडम समोर वही घेऊन बसल्या, त्यांच्याजवळ शाळेचा तो कागद. सून आणि मी बाकावर. तिनं दोन्ही हातांची बोटं एकमेकांत इतकी घट्ट अडकवली होती की नखं पांढरी पडली होती.

मॅडमनी हाक मारली, नात वळली. त्यांनी वहीत खूण केली. गाय ठेवली, हत्ती ठेवला, घोडा ठेवला. काच बोलत राहिली, नात गप्प. आमची त्याला हरकत नव्हती, सगळी भिस्त बैलावर. मॅडमनी बैल तिच्या हातात दिला.

तिनं तो काचेवर ठेवला. काच कोरी. तिनं दाबला. उचलला, दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला. मॅडमनी टॅब बंद करून पुन्हा चालू केला. सून उठून उभी राहिली. "मॅडम, घरी चालतो हो. खरंच चालतो. ती म्हणते, मी शपथेवर सांगते, ती रोज म्हणते." तिचा आवाज फाटला होता. नातीच्या श्वासाची गती वाढली, खांदे वर गेले. किंचाळायच्या आधी तिचं तसं होतं. काल दुकानात बघितलंच होतं मी.

"मी रंगवला त्याला," मी म्हणालो.

दोघीही माझ्याकडे वळल्या. "काल पोळा होता म्हणून. खुरं रंगवली अन् मग काढायला गेलो तर रबर गेलं. पोरीनं काय नाय केलं. मीच."

सून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर राग नव्हता अजून, फक्त ते समजून घेणं चालू होतं. तेवढ्यात नात खुर्चीवरून उतरली. बैल मुठीत घेऊन ती बाकापाशी आली. माझ्याकडेच का आली हे मला माहीत नाही. रंगवताना बघत होती म्हणून असेल. तिनं माझा हात ओढला, तळवा वर केला आणि त्याच्यावर बैल उभा केला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

मला कळलं ती कशाची वाट बघतेय. आणि माझ्या घशातून आवाज निघेना. पैठणच्या स्टँडवर शेवटच्या फलाटापर्यंत ऐकू जायचा तो आवाज. तिनं बैल उचलला आणि पुन्हा ठेवला, जरा आपटूनच. चारी पाय तळव्याला टोचले.

"बै," ती म्हणाली. माझ्या डोळ्यात बघून. "बै!"

"बैल," मी कसाबसा म्हणालो. "व्हय माय. बैल."

तिनं तो उचलला, पुन्हा ठेवला. "बै." मी "बैल" म्हणालो. चार वेळा, पाच वेळा. मॅडम लिहायच्या थांबल्या होत्या.

"आजवर ती काचेच्या मागोमाग म्हणायची," त्या सुनेला म्हणाल्या. "काच म्हणेल, मग ती. आज काच गप्प होती. तिनं माणसाकडे जाऊन मागितलं, पहिला आवाज तिचा. या कागदावर हेच विचारलंय." शाळेनं दिवाळीपर्यंत मुदत द्यावी असं त्यांनी लिहिलं, आणि नंतर शाळेनं ती दिलीही. टॅब काही दिवस कपाटात ठेवा, असंही त्या म्हणाल्या.

आम्ही खाली आलो. मला वाटलं होतं, झालं ते बरंच झालं, आता सून हसेल, कदाचित माझी चेष्टाही करेल. कसल्या नेलपॉलिशनं कसली किमया केली वगैरे. मी तशी सुरुवातही केली. "बघ, पोळा पावला का नाय?"

ती रिक्षाला हात करता करता थांबली.

"बाबा, तुम्ही रंगवला त्याचं मला काहीच वाटत नाही," ती म्हणाली. आवाज अगदी खाली होता. "रात्री मी विचारलं तेव्हा तुम्ही हिचं नाव सांगितलंत. मी हिला मारलं. हिला 'नाही' म्हणता येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं."

भर रस्त्यात मी नातीसमोर उकिडवा बसलो. "चुकलं माय माझं," म्हणालो. "काल मी खोटं बोललो." ती बैलाच्या गळ्याशी अडकून राहिलेला गोंड्याचा धागा सोडवण्यात गुंतली होती. तिला कळलं की नाही, मला कळायला काही मार्ग नव्हता. सुनेनं मला हात देऊन उठवलं, पण रिक्षात ती पूर्ण वेळ बाहेर बघत होती.

आता नातीला दहा-बारा शब्द येतात. पाणी म्हणते, नको म्हणते, मला "आबा" म्हणते. एखादा नवीन शब्द तिच्या ओठांवर आला की घरात सगळे कान टवकारतात, आणि मी मनातल्या मनात तिचे शब्द मोजतो. एक दिवस तिला पूर्ण वाक्य जमेल, आणि मग ती त्या रात्रीचं सांगेल. आईला सांगेल, बापाला सांगेल, शाळेत जाऊन बाईंना सांगेल की बैल मी नव्हता रंगवला, आबांनी रंगवला आणि माझं नाव सांगितलं.

सांगू दे. मी ऐकायला बसलोय.